प्रश्न विचारणाऱ्या पोराचं काय करायचं?

गेल्या अंकात आपल्यातल्याच एका मित्रानं लिहिलं की शाळा पोरांचं कुतूहल मारते. पाच वर्षांचं पोर दिवसातनं शंभर प्रश्न विचारतं आणि दहावीला पोचेस्तोवर त्याच्याकडं एकच प्रश्न उरतो : "सर, हे परीक्षेला आहे का?" मित्राचं म्हणणं, शाळा हा तुरुंग आहे, पोरांना तिथनं सोडवा. हा लेख वाचून मी दोन रात्री झोपलो नाही. एक तर माझी रातपाळी होती. आणि दुसरं म्हणजे त्याच आठवड्यात माझ्या बहिणीच्या पोरानं शाळेत जायचं नाही म्हणून दप्तर कोपऱ्यात फेकलं होतं.

पोरगं तेरा वर्षांचं, आठवीत. वस्तीजवळच्या मोटार रिवायंडिंगच्या दुकानात तासन्‌तास उभं राहतं. तांब्याच्या तारेचे किती वेढे, उलटे गुंडाळले तर काय होईल, पंखा फिरतो पण इस्त्री का फिरत नाही, असलं विचारून दुकानदाराचं डोकं खातं. शाळेत मात्र मुकं. मला म्हणालं, "मामा, शाळंत मला काय कळत न्हाई. दुकानात कळतंय. मग शाळंत कशाला जाऊ?" बहीण म्हणाली, "तूच सांग त्याला. तू पुस्तकं वाचतोस." मी गप्प बसलो. कारण मीही नववीत शाळा सोडलेला माणूस.

तर प्रश्न असा आहे. ज्या शाळेत पोराचं कुतूहल मरतं, त्या शाळेत त्याला परत ढकलायचा मला काय अधिकार? आणि नाही ढकललं तर "शिका" म्हणणाऱ्या बापाला मी कोणत्या तोंडानं जयभीम घालू?

मित्राचं म्हणणं नवं नाही. इव्हान इलिच नावाच्या विचारवंतानं १९७१ साली जगापुढं मांडलं की समाज शाळामुक्त करा, माणसं एकमेकांकडनं आणि कामातनं शिकतील. म्हणणं वाचायला गोड आहे. पण मी ते आमच्या वस्तीत उभा राहून वाचतो, तेव्हा पहिलं वाक्य घशाखाली उतरत नाही. शाळेतनं सोडवा? अहो, आम्हाला शाळेत घेतलंच कधी?

बाबासाहेब १९०० सालच्या नोव्हेंबरात साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. बसायचं गोणपाट घरनं न्यायचं, संध्याकाळी घरी आणायचं, कारण शाळेचा झाडूवालासुद्धा त्याला हात लावणार नाही. तहान लागली तर शिपायानं नळ सोडल्याशिवाय पाणी नाही. पुढं मुंबईच्या शाळेत गणित सोडवायला फळ्याकडं बोलावलं, तर वर्गात गिल्ला झाला. फळ्यामागं पोरांचे जेवणाचे डबे होते, ते बाटतील म्हणून. संस्कृत शिकायचं होतं, ते शिकू दिलं नाही, फारसी घ्यावी लागली. तरी त्यांनी शाळा सोडली नाही. १९०७ साली मॅट्रिक झाले.

आमच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोर शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळी पोरं एकाच शाळेत बसवायचा हुकूम काढला. राजाला दंड लावावा लागला, कारण पोराला शाळेत धाडायचं म्हणजे हातातोंडाशी येणारी मजुरी सोडायची. आणि राजानं तो लावला, कारण त्याला ठाऊक होतं की अक्षर मिळाल्याबिगर ही माणसं माणसांत येणार नाहीत.

मित्र म्हणेल, लोक कामातनं शिकतातच की. शिकतात. शाळेबाहेरचं शिक्षण आपल्या देशात हजारो वर्षं चालू होतं. त्याचं नाव जात. चांभाराचं पोर चामडं शिकलं, कुंभाराचं पोर चाक शिकलं, आमचं पोर मेलेलं ढोर ओढायला शिकलं. बापाकडनं, प्रेमानं, कामातनं, परीक्षेशिवाय. कुणाला कुतूहल वाटून दुसरं काही शिकायचं झालं तर वाट बंद. गिरणी आली तरी वाट उघडली नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त होता, पण तिथं अस्पृश्यांना घेत नसत. कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा आणि आमच्या तोंडाचा धोटा दुसऱ्यानं कसा घ्यायचा? बाबासाहेबांनी १९२८-२९च्या संपाच्या काळात हा सवाल कामगारांपुढं टाकला. म्हणजे कामातनं शिकायचं तरी कोणत्या कामातनं, हे ठरवणारे आम्ही नव्हतो. म्हणून शाळामुक्त समाजाची गोष्ट मला कुणी सांगितली की मी एवढंच विचारतो : आधी जातमुक्त करा, मग बोलू.

इथवर लिहिलं आणि वाटलं, जिंकलो. पण मित्र खोटं बोलत नाही, हे मला माझ्या अंगावरनं ठाऊक आहे.

मी चौथीत होतो. शाळा हातकणंगले तालुक्यातली, गावाचं नाव घेत नाही. परिसर अभ्यासाच्या तासाला गुरुजींनी गावाचा नकाशा काढायला सांगितला. वर उत्तर, उजवीकडं पूर्व. मी देऊळ काढलं, चावडी काढली, ओढा काढला आणि उजव्या कडेला आमची वस्ती काढली. मग मला एक आठवलं. मामाच्या गावातही आमची वस्ती उगवतीला. आत्तीच्या गावातही उगवतीलाच. मी हात वर केला. "गुरुजी, आमची वस्ती सगळ्या गावात उगवतीलाच का असती?"

वर्ग हसला. गुरुजी हसले नाहीत. त्यांचं तोंड उतरलं, मग लाल झालं. म्हणाले, "नकाशा काढ म्हटलंय ना? मग नकाशा काढ. नसते धंदे नकोत." मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं, मी विसरलो असतो. त्या दिवसापासनं त्यांनी माझ्याकडं बघायचंच बंद केलं. हात वर केला तरी नजर माझ्यावरनं पुढं जायची.

घरी येऊन आजीला विचारलं. आजीला अक्षर येत नव्हतं. ती चुलीला फुंकर घालत म्हणाली, "वारं कुठनं सुटतंय त्ये बघ. मग तुझं तुला कळंल."

मी आठ दिवस वारा बघितला. पावसाळ्याचे दिवस. वारा मावळतीकडनं यायचा. गावातल्या चुलींचा धूर आमच्या वस्तीवरनं जायचा. आमच्या चुलींचा धूर गावावर काही जायचा नाही, पुढं रानात जायचा. नवव्या दिवशी मला कळलं. आमच्या अंगावरनं गेलेला वारासुद्धा गावाला नको होता.

साथींनो, त्या आठ दिवसांत मी भूगोल शिकलो, इतिहास शिकलो, आणि समाजशास्त्र हा शब्द माहीत नसताना तेही शिकलो. अडाणी आजीनं उत्तर दिलं नाही, बघायला शिकवलं. बीएड झालेल्या गुरुजींकडं उत्तर होतं, पण ते त्यांनी दाबलं. का? मला आज वाटतं, ते दुष्ट नव्हते. घाबरले होते. पोराच्या एका प्रश्नानं अख्खा नकाशा बोलायला लागला असता.

त्यानंतर शाळा सुटेपर्यंत मी वर्गात प्रश्न विचारला नाही. वहीत उतरवायचं, पाठ करायचं, ओकायचं. ब्राझीलचा पाउलो फ्रेरे म्हणतो की असल्या शाळेत पोर म्हणजे बँकेतलं खातं. मास्तर भरणा करतो, परीक्षेत काढून घेतो. मी म्हणतो, आमचं खातं त्याहून वाईट. त्यात भरणासुद्धा दुसऱ्याच्या नावचा. आमच्या वस्तीतलं एकही माणूस, एकही काम, एकही बोली शब्द पुस्तकात नाही. असला तर "अशुद्ध" म्हणून तांबड्या शाईनं खोडलेला.

पण मग माझं कुतूहल मेलं का? मी पण तेच समजत होतो. सूतगिरणीत लागलो तेव्हा कळलं की नाही.

रिंग खात्यात पहिला उन्हाळा. दुपारी धागे पटापटा तुटायचे, जोडता जोडता बोटं सोलायची. पावसाळ्यात एवढे तुटत नव्हते. एका म्हाताऱ्या जॉबरला मी भीतभीत विचारलं, "काका, उन्हाळ्यात धागा जास्त का तुटतो?" कैक वर्षांत तोंडातनं निघालेला माझा तो पहिला प्रश्न. वाटलं, आता हा शिवी घालणार. त्यानं मला हाताला धरून नेलं, खात्यात ओलावा सोडणारी यंत्रणा दाखवली. म्हणाला, "हवा सुकली की कापूस सुकतो. सुकला की तडकतो. वारं बघ, हवा बघ, मग साच्याला दोष दे." मला आजी आठवली. मग मी विचारतच सुटलो. कापसाचे तंतू सुटे असतात, फुंकरीनं उडतात. त्यांना पीळ दिला की सूत होतं, ओढलं तरी तुटत नाही. पण पीळ ठरावीक मापाच्या वर गेला तर तेच सूत स्वतःभोवती वेटोळी घेतं, कडक होतं आणि आपोआप तुटतं. कमी पीळ म्हणजे कापूसच. जास्त पीळ म्हणजे कचरा.

शाळेचंही असंच आहे असं मला वाटतं. पिळाशिवाय सूत नाही. अक्षर, पाढे, रोज एका जागी बसायची सवय, कंटाळा आला तरी गणित पुरं करायचं, हा पीळ लागतो. नुसत्या कुतूहलावर पोर कापसासारखं उडत राहील. पण पीळ देणाऱ्याला माप पाहिजे, आणि आमच्या पोरांच्या बाबतीत शाळेनं माप कधी बघितलंच नाही.

गिरणीनं मला आणखी एक दाखवलं. शाळेत मेलं होतं ते कुतूहल नव्हतं, विचारायचं धाडस मेलं होतं. कुतूहल भुकेसारखं असतं, दाबलं तरी आत कुठंतरी असतंच. पण धाडस दुसऱ्या माणसावर अवलंबून असतं. समोरचा आपल्याला माणूस समजतो का, यावर ते जगतं नाहीतर मरतं.

आणि इथंच मित्राच्या लेखात एक गोष्ट राहून गेली. तो म्हणतो शाळा सगळ्या पोरांचं कुतूहल मारते. बरं, मारत असेल. पण नुकसान सारखं नाही. ज्याच्या घरात तीन पिढ्यांची पुस्तकं आहेत, त्याच्या पोराला शाळेत गप्प केलं तर ते घरी जाऊन आजोबाला विचारतं. त्याला दुसरी जागा आहे. आमचं पोर शाळेत गप्प झालं की घरी आई भांडी घासून आलेली, बाप पाळीवर. त्याच्या प्रश्नाला जागाच नाही. ते गप्प पोर मोठं होतं आणि गप्प कामगार होतं. वाकडं बोलत नाही, पगाराची चिठ्ठी वाचत नाही, युनियनला जात नाही. असा माणूस कुणाला हवा असतो ते तुम्हाला सांगायला नको.

मग शाळाच सोडली तर? पंचगंगेच्या काठानं बघा. दिवाळीच्या पुढंमागं बीडकडनं ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यांची पोरं शाळेपासनं मोकळी. त्यांना बैल कळतो, उसाची जात कळते, मोळी कशी बांधायची ते कळतं. पण मुकादमाच्या वहीत आपल्या बापाच्या नावावर किती उचल मांडली आहे, ते त्यांना वाचता येत नाही. त्या पोरांना मोकळं म्हणायची माझी तयारी नाही. १२ मार्च १९२७ला बाबासाहेब मुंबईच्या कौन्सिलात शिक्षणाच्या खर्चावर बोलले. प्राथमिक शाळेत गेलेल्या शंभर पोरांतली फक्त अठरा चौथीपर्यंत पोचतात, ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत बुडतात, असा त्यांचा हिशेब होता. पोर शाळेत शिरल्यावर कायमचं साक्षर होऊनच बाहेर पडलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह. आणि २०२३ साली महाराष्ट्र सरकारनं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचा घाट घातला. वाडीवरची शाळा उठवायची म्हणजे वाडीवरच्या पोरीचं शिक्षण उठवायचं. अशा वेळी आपणच "शाळा कशाला?" म्हणायला लागलो तर सरकार टाळ्या वाजवील.

तेव्हा शाळा पाहिजे. पण कोणती?

जोतीरावांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढं सांगितलं होतं : निदान बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं करा, त्यात शेतीचं आणि आरोग्याचं ज्ञान असू द्या, आणि मास्तर शक्यतो शेतकरी वर्गातले नेमा, ज्यांना वेळ पडली तर नांगराची मूठ धरायला लाज वाटणार नाही. म्हणजे सक्ती आणि पोराच्या जगण्याशी नातं, दोन्ही एका दमात. त्यांच्या आणि सावित्रीबाईंच्या शाळेत तीन वर्षं शिकलेली मातंगाची मुक्ता साळवे. तिचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. वेद वाचायचा अधिकार फक्त ब्राह्मणांना, तर मग आमचा धर्म कोणता, असा तिचा सवाल. शाळेनं तिचं कुतूहल मारलं नाही, त्याला धार लावली. तीन वर्षं शाळेत जाऊन एक पोरगी अख्ख्या धर्माला प्रश्न विचारते, आणि दहा वर्षं शाळेत जाऊन आपलं पोर "हे परीक्षेला आहे का?" एवढंच विचारतं. फरक शाळा असण्यानसण्याचा नाही. शाळेत कोण बसलंय आणि कशासाठी, याचा आहे.

लांब कशाला? या कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय काढलं. घोकंपट्टी आणि परीक्षेची धास्ती बाजूला सारून पोरांना अनुभवातनं, परिसरातनं शिकवायचं. म्हणजे हे होऊ शकतं. आपल्यातले काही म्हणतील, ती पोटभरल्या लोकांची चैन. मला ते पटत नाही. कुतूहल ही चैन असती तर माझी आजी वाऱ्याकडं बघायला शिकली नसती. चैन एवढीच की अशी शाळा एका गावात एक असावी आणि वाडीवरच्या झेडपीच्या शाळेत गोणपाट गेलं तरी प्रश्न मात्र बाहेरच बसावा.

बाबासाहेबांनी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, १९५० साली कॉलेज काढलं. पुढं त्याला नाव दिलं मिलिंद आणि त्या परिसराला नाव दिलं नागसेनवन. देवाचं नाही, देणगीदाराचं नाही, प्रश्न विचारणाऱ्या एका राजाचं आणि उत्तर देणाऱ्या एका भिक्खूचं. मिलिंद राजानं भल्याभल्यांना प्रश्नांनी गारद केलं होतं. नागसेनाशी बोलायला बसला तेव्हा भिक्खूनं आधी एक अट घातली : पंडितासारखं बोलणार असशील तर बोलू, राजासारखं बोलणार असशील तर नाही. पंडितांच्या चर्चेत एकाचं म्हणणं खोडलं जातं, तरी तो रागावत नाही. राजे मात्र विरोध केला की शिक्षा करतात. मिलिंदानं अट मान्य केली.

माझं सगळं म्हणणं या अटीत आलं. ज्या वर्गात मास्तर राजा आहे, तिथं कुतूहल मरतं. ज्या वर्गात तो पंडित म्हणून बसतो, आपलं चुकलं तर चुकलं म्हणतो, तिथं ते जगतं. माझे गुरुजी राजा होते, घाबरलेला राजा. गिरणीतला जॉबर पंडित होता. आजी पंडित होती.

पण बोट दुसऱ्याकडंच कशाला? आपण कार्यकर्ते तरी काय आहोत? विहारात रविवारी वर्ग घेतो तेव्हा बावीस प्रतिज्ञा पाठ करून घेतो. एखाद्या पोरानं विचारलं, "ही प्रतिज्ञा का?" तर आपण डोळे वटारतो. जयंतीच्या वर्गणीला घरोघर फिरतो. आणि शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानं पाऊण सदस्य पालक असावे लागतात, त्यातल्या निम्म्या बाया, त्या समितीच्या बैठकीला आपल्या वस्तीतनं कोण जातं? शिक्षणहक्काचा कायदा २००९चा. पोराला मारायला, त्याचा मानसिक छळ करायला त्यात बंदी आहे. ते कलम आपल्यातल्या किती जणांनी वाचलंय? शाळेला शिव्या द्यायला पाच मिनिटं लागतात. शाळेत जाऊन बसायला रातपाळीची झोप मोडावी लागते.

भाच्याला मी शेवटी असं सांगितलं. "शाळा सोडायची न्हाई. आणि प्रश्न बी सोडायचा न्हाई. एक वही कर. रोज एक प्रश्न लिही, शाळंत विचारता आला न्हाई त्यो. रविवारी आपण बसू. मला येत नसंल तर दोघं मिळून हुडकू. दुकानात शाळा सुटल्यावर जा."

"आन्‌ सर बोलले तर?"

"मी येतो शाळंत. भांडायला न्हाई, बसायला."

हे बरोबर केलं की चूक, ते मला ठामपणानं सांगता येत नाही. रोज सहा तास तो अशा वर्गात बसणार जिथं त्याच्याकडं कुणी बघत नाही, आणि तिथं मी त्याला धाडलंय. ही जबाबदारी माझ्यावर आहे.

पहिल्या रविवारी त्यानं वही आणली. पहिल्या पानावर मोटारीचा प्रश्न असेल असं वाटलं होतं. तिथं लिहिलं होतं : "मामा, तू नववीत शाळा का सोडलीस?"

मला राग आला. तोंडाशी आलं, "नसते धंदे नकोत." तेच वाक्य, साथींनो, अक्षर न्‌ अक्षर तेच.

लोकांना मी सांगतो, बाप आजारी होता, पैसा नव्हता. ते खोटं नाही. पण पुरतं खरंही नाही. शाळा सुटली त्या दिवशी मला हलकं वाटलं होतं. चौथीपासनं ज्या जागेत मला कुणी बघत नव्हतं, ती जागा सुटली म्हणून.

मी मिलिंदाची अट आठवली, राग गिळला आणि पोराला हे सगळं सांगितलं. नकाशा, धूर, आजी, सगळं. ते ऐकत राहिलं. मग म्हणालं, "मामा, आपल्या शाळंतल्या वर्गात बी आमी मागं उगवतीच्या कोपऱ्यातच बसतोय. कुणी बसवलं न्हाई. आमीच बसतोय. का?"

पुढच्या रविवारी आम्ही दोघं त्याचं उत्तर हुडकायला बसणार आहोत. तुम्हीही या. पण पंडित म्हणून या.

जय भीम.